जम्मूच्या पुढे सत्त्याण्णव मैल

१५ जानेवारी १९५०, रविवार

ह्यांनी कचेरीतून मोजणीची तेहतीस फुटी लोखंडी साखळी घरी आणली. एक टोक माझ्या हातात दिलं. "ताठ धर. झोल नको." उंबऱ्यापासून मोजायला लागलो. स्टेशनपलीकडे, शेतांच्या बांधांवरून, कोपर गावाला वळसा घालून खाडीच्या बांधापर्यंत. तीनशे वीस साखळ्या. म्हणजे बरोबर दोन मैल. जाऊन-येऊन चार.

शेजारचे प्रभाकर गॅलरीतून विचारत होते, "काय त्र्यंबकराव, जमीन घेताय की काय?"

"रस्ता मोजतोय."

"कुठला?"

"जम्मूचा."

प्रभाकर आत गेले. बायकोला सांगायला गेले असणार.

दुपारी ह्यांनी जमिनीवर नकाशा पसरला. चार तुकडे खळीने जोडलेले. डोंबिवलीपासून तांबड्या पेन्सिलीची रेघ — सुरत, अहमदाबाद, अबू, मग मारवाडचं वाळवंट, जोधपूर, बिकानेर, पंजाब, पठाणकोट, जम्मू. जम्मूच्या पुढे डोंगरात सत्त्याण्णव मैल. तिथे रेघ संपते. तिथे आमचा मधू गेला. फौजेतल्या साहेबाच्या पत्रात एवढंच होतं — सत्त्याण्णवाव्या मैलाजवळ रस्ता करताना दरड कोसळली, नाल्याकाठी अग्नी दिला, मुलगा शूर होता.

खरंखुरं जायचं तर सरकारचा परवाना लागतो. ह्यांनी दोनदा अर्ज केला. दोन्हींना उत्तर नाही. म्हणून हे असं. रोज चार मैल इथे चालायचे आणि तिकडे रेघेवर चार मैल पुढे सरकायचं.

"बाराशे चोपन्न मैल. वर्षभरात पोचू," म्हणाले.

मी म्हटलं, बरं.

मधू गेल्याला सोळा महिने झाले. सोळा महिन्यांत हे माझ्याशी सलग इतकं आजच बोलले.

१६ जानेवारी

पहाटे चार मैल. नकाशावर अजून मुंब्रासुद्धा आलेलं नाही.

मेथी निवडली.

९ फेब्रुवारी

उत्तरा आली होती ठाण्याहून. टेंभी नाक्यावर तिच्या सासरी बातमी पोचली म्हणे. "आई, लोक हसतात. बाबांना जरा समजाव. आणि तूही त्यांच्यामागे! तू तरी शहाणी ना?"

मी म्हटलं, आम्ही वलसाडला पोचत आलो.

ती मग पोळ्या लाटायला बसली. पोर चांगली आहे. लाटता लाटता नेहमीचं बोललीच — "बाबांनी त्या कागदावर सही केली नसती तर. तू किती सांगत होतीस, नको पाठवू म्हणून. मी समोर होते."

मधूला अठरा पुरी नव्हती, म्हणून फौजेच्या कागदावर बापाची सही लागत होती. ती ह्यांनी केली. मी नको म्हटलं. तेव्हापासून ह्या दोन खोल्यांत आमच्या जागा ठरून गेल्या आहेत. मी नको म्हणालेली, हे सही केलेले. नातेवाईक येतात ते माझ्याजवळ बसतात. ह्यांच्याजवळ कुणी बसत नाही.

हे बाहेर गॅलरीत होते. ऐकलं असणारच. जेवताना म्हणाले, मीठ बेताचं आहे.

२३ फेब्रुवारी

सुरत. काही नाही.

२ मे

अबू मागे पडलं. उद्यापासून मारवाड. ह्यांनी महिन्याची हक्काची रजा टाकली. मला वाटलं, दमले असतील. तर म्हणतात, "वाळवंट पहाटेच्या गारव्यात ओलांडायचं नसतं. दुपारी चालायचं. मिठागरातून."

नियम पण केले. पाणी बरोबर घ्यायचं, पण नकाशावर गाव येईल तिथेच प्यायचं. छत्री चालेल. सावलीत बसायचं नाही. हा माणूस तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतांचे नकाशे काढतो आहे. नियमाबाहेर त्याला दुःखसुद्धा करता येत नाही.

मी भांडले नाही. भांडायला काही तरी वाटावं लागतं.

१४ मे, रविवार

खाडीकडची मिठागरं. सगळं पांढरं. डोळे उघडवत नाहीत. बांधावरून हे पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग. अंगातून घाम निघतो तोही खारटच. पण मला उन्हाचं काही वाटत नाही. चटका बसतो, तो कुणा दुसऱ्याला बसल्यासारखा.

एक बाई मीठ ओढत होती. काळीसावळी, माझ्याच वयाची. आठ दिवस बघत असणार आम्हाला. आज मीठ ओढायची फळी टाकून बांधावर आली. ह्यांना काही बोलली नाही, मला म्हणाली, "बाय, कय हरवलं का तुमचं? रोज येताव ते?"

मी म्हटलं, नाही. सहज चालतो.

"या उन्हान? सहज?"

तिने मडक्यातून पाणी ओतलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. नकाशावर गाव आलेलं नव्हतं. ती म्हणाली, "त्यांना कय इचारताव? तान तुमाला लागलीय." मी प्याले. दोन तांबे.

गोदा तिचं नाव. नवरा राघो, तोही तिथेच मिठागरात कामाला. त्याने लांबून हात केला.

वाटेत हे म्हणाले, "ठीक आहे. ते मारवाडातलं पाली समजू. पाली नकाशावर पुढे आहे, पण ठीक आहे." नियम मोडल्याचं एवढं समाधान त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं.

१५ मे

आज तेही गोदाकडचं पाणी प्याले.

२१ मे

चार मैल. उंट नाहीत. बगळे होते.

२८ जून

पाऊस धो धो. मिठागरं पाण्याखाली. जोधपूर आणि बिकानेरच्या मध्ये आहोत आणि दारात घोटाभर पाणी!

हे म्हणाले, खंड नको. चाळीची गॅलरी मोजली — चव्वेचाळीस फूट. एकशेवीस खेपा म्हणजे मैल. चारशेऐंशी खेपा. सकाळी अर्ध्या, कचेरीतून आल्यावर अर्ध्या. दारांवरून जाताना प्रत्येक घरातलं दिसतं. कुणी दाढी करतंय, कुणी पोराला बडवतंय, कुणाची आमटी उतू जाते आहे. पहिले दोन दिवस सगळे हसले. तिसऱ्या दिवशी गॅलरीतली ओली धोतरं, बादल्या, पाट आपोआप आत गेले. प्रभाकरांनी सायकलसुद्धा आत घेतली. 

मला बोलावंसं वाटलं, "असू द्या हो." तेही जमलं नाही.

१२ जुलै

ह्यांना ताप. गॅलरीत मी एकटीच. चारशेऐंशी. आल्यावर त्यांनी पडल्या पडल्याच विचारलं, "झाल्या?" मी म्हटलं, झाल्या. रेघेवर खूण करायची पेन्सिल माझ्या हातात दिली. मी केली. 

१४ सप्टेंबर

आजची तारीख.

चार मैल. बिकानेर कधीच मागे गेलं, वाळू संपत आली म्हणतात. आठशे अठ्ठ्याऐंशी झाले. माझ्या आजारपणाचे दिवस वजा जाता ठीकच चाललं आहे.

उत्तरा रडून गेली. शेजारच्या बायका येऊन बसल्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी त्यांना चहा केला. एक म्हणाली, "तुमचं मोठं धीराचं काळीज." धीर कसला! आत कुणी राहतच नाही, तर रडणार कोण?

मधूचं नाव हे घेत नाहीत, मीही घेत नाही. अळीमिळी गुपचिळी. बोलायचं तर मैलांचं.

४ डिसेंबर

जम्मू. अकराशे सत्तावन्न मैल.

ह्यांनी पेढे आणले पाव शेर. देवापुढे ठेवले, मग एक मला दिला. मी खाल्ला. गोड होता, एवढं कळलं.

उद्यापासून डोंगर. खाडीचा सपाट रस्ता चालायचा नाही, पूर्वेच्या माळावरची टेकडी चढायची-उतरायची. डोंगरात रोज तीनच मैल धरायचे. "शेवटचे सत्त्याण्णव. महिना लागेल." हे बोलताना त्यांनी कर्कटक उघडलं, मिटलं, परत उघडलं.

१७ डिसेंबर

गोदा दारात आली, डोक्यावर मिठाची पाटी. "बाय, आता येत नाय बांधावं? रागावलाव का?" मी म्हटलं, रस्ता बदलला. शेजारणीने तिला जिन्यातच सगळं सांगितलेलं होतं. ती उंबऱ्यावर बसली.

"माजं दोन गेलं. एक तापान, एक खारीन बुडून. मी आरडले, वरडले, डोका आपटला. गावभर आयकू गेला. राघोला मारला पन. त्यानी मना मारला. मंग दोघा रडलो." मग माझ्या तोंडाकडे बघून, "तुमी कय अशा?"

मी मापटं पुढे केलं. तिने मीठ भरलं, वर एक मूठ जास्त टाकली.

ती गेल्यावर बराच वेळ उंबऱ्याशी उभी होते. राघोला मारलं, म्हणाली. मी ह्यांना मारू शकत नाही. का, ते मला ठाऊक आहे.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. तीन मैल. टेकडीच्या उतारावर ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. सुतळीने पाय आणि चप्पल एकत्र बांधली आणि लंगडी घालत उतरायला लागले, तोंड अगदी गंभीर, कचेरीत साहेबासमोर उभं राहावं तसं. मला हसू फुटलं. थांबेना. मग तेही हसले. दोघं दगडावर बसून हसलो.

परत येताना वांगी घेतली, कोवळी होती.

५ जानेवारी १९५१

शहाण्णव मैल झाले. उद्या एक मैल, की पोचलो. म्हणून हे लवकर आले कचेरीतून. आणि संध्याकाळी दारात एक मुलगा. चोवीस-पंचवीसचा, डाव्या कानापाशी व्रण. कल्याणचा. हरिहर. मधूच्या तुकडीतला. गेल्या महिन्यात सुटून आला, पत्ता शोधत शोधत आमच्याकडे.

त्याला पोहे दिले. तो खाली मान घालून खात होता. मधू हसरा होता म्हणाला. सगळ्यांच्या नकला करायचा. साहेबाच्या, खेचरांच्या. "त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला गेलेलो, काकी. आवाज आला म्हणून पळत आलो, तर रस्ताच नव्हता. लगेच गेला तो. त्रास नाही झाला." हे शेवटचं सगळे सांगतात तसं सांगितलं. मी धरून चालते.

मग ह्यांनी नकाशा पसरला. त्याला दाखवायला. वर्षभर कुणालाच दाखवला नव्हता. तांबड्या रेघेवरून बोट फिरवत जम्मूपर्यंत आले, पुढे सत्त्याण्णवाव्या मैलावर. "इथे ना?"

हरिहर वाकला. बराच वेळ बघत होता.

"काका, हा नकाशा जुना आहे. आमचे मैल जम्मूपासून नव्हते. आमचा शून्याचा दगड डेपोपाशी, जम्मूच्या अलीकडे छत्तीस मैल. पत्रात लिहिलाय तो आमचा सत्त्याण्णव."

हे म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे जम्मूच्या पुढे एकसष्ट."

ह्यांनी कर्कटक घेतलं. एकसष्टावर टोक ठेवलं.  टोक तिथेच.

मोजणीच्या कामात पहिली गोष्ट ही, हे मला स्वतः त्यांनीच सांगितलेलं — शून्य कुठे ठोकला आहे ते आधी विचार, मग मोज. त्यांनी विचारलं नव्हतं. सरकारी नकाशात मैल जम्मूपासून होते, म्हणून जम्मूपासून धरले.

जाताना हरिहर माझ्या पाया पडला. म्हणाला, "मधू नेहमी सांगायचा, आई होती म्हणून यायला मिळालं." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे नकाशाकडे बघत होते.

तो गेल्यावर मी वही काढली आणि मागची पानं उलटली. एकसष्ट मैल झाले ती तारीख पंचवीस डिसेंबर. लंगडी. वांगी. मधू जिथे गेला तिथे दगडावर बसून आम्ही दोघं हसलो होतो.

६ जानेवारी

हे चालायला निघाले नाहीत. कचेरीत गेले नाहीत. भिंतीला पाठ लावून बसले आहेत. "तीस वर्षांत माझ्या मोजणीवर हरकत आली नव्हती," एवढंच एकदा म्हणाले.

७ जानेवारी

तसेच. दाढी नाही. भात चिवडला.

८ जानेवारी

हे आतल्या खोलीत निजले आहेत, भरदुपारी. खरं लिहिते. ह्या वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

मधू मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. सहा महिने. दोन खोल्यांत दोन मुके आणि मी मध्ये निरोप्या. "बाबांना सांग, तेल संपलं." "त्याला सांग, दिवा मालव." जीव नकोसा झाला होता. मधूने फौजेचा कागद आणला तो पहिल्यांदा मला दाखवला. मला भीती नाही वाटली. मोठी लढाई संपली होती, आता कसली लढाई, दोन वर्षं कवायत करील, माणसात येईल. आणि घर शांत होईल. हेच वाटलं. दुसरं काही नाही.

मी त्याला म्हटलं, आत्ता नको विचारूस. रविवारी विचार, जेवण झाल्यावर. मी बिरडं करते. वालाचं बिरडं म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. पोटभर जेवले की हे कुणाला नाही म्हणत नाहीत, इतक्या वर्षांत एवढं शिकले होते. वाल भिजत घातले, मोड आणले, एकेक सोलला, नारळ सढळ हाताने घातला. उत्तरालाही बोलावलं. जेवण झालं, मधूने कागद पुढे सरकवला, आणि मी मोठ्याने म्हटलं, "नको हो, पोराला पाठवू नका." आईने नको म्हणायचं असतं. उद्या काही कमीजास्त झालं तर माझ्या अंगावर यायला नको. इतकं पुढचं सुचलं होतं मला. बाकी काही सुचलं नव्हतं.

ह्यांनी सही केली. घर शांत झालं. अजून शांत आहे.

सव्वादोन वर्षं सगळ्यांनी ह्यांना बोल लावला आणि मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना वाटलं, दुःखाने बोलत नाही. मी दुःखाने गप्प नव्हते. एक शब्द बोलायला गेले असते तर हेही बाहेर आलं असतं. म्हणून सगळंच आत बंद करून टाकलं, रडूसुद्धा.

१० जानेवारी

आज पाचवा दिवस. हे उठत नाहीत. उत्तरा म्हणाली, डॉक्टरला आणू. मी म्हटलं, थांब.

त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "उठा. मागे वळायचंय."

"काय उपयोग? सगळं चुकीचं मोजलं."

"चुकीचं मोजलं, चुकीचं चाललो नाही. पस्तीस मैल मागे. बारा दिवस. काठी घ्या."

वर्षभर त्यांनी सांगायचं आणि मी बरं म्हणायचं. आज मी सांगितलं. हे मग म्हणाले, "चपलेला अंगठा लावून आणतो आधी."

११ जानेवारी

तीन मैल, मागे. मी पुढे, हे मागे. टेकडीवर वारा होता.

१३ जानेवारी

तीन मैल. सांगायचं होतं. सांगितलं नाही. उद्या.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारणींना तिळगूळ दिला. तीन मैल. ह्यांच्या हातावर ठेवला तेव्हा, गोड बोला, असं म्हणायचं असतं. नुसताच ठेवला.

१८ जानेवारी

उरले अकरा.  भीती वाटते. केव्हापासून काही वाटलं नव्हतं, आणि सुरुवात व्हावी ती भीतीने! पोचण्याची नाही. मधूची नाही. ह्यांची. मी सांगितलं की हे माझ्याकडे कसे बघतील त्याची. सव्वादोन वर्षं त्या माणसाने कुणाकुणाचं ऐकून घेतलं. सख्ख्या लेकीचं. त्याचं मी काय देणार परत? हे जर उठून निघून गेले, तर मला बोलायला तोंड नाही.

न सांगताही चालेल. हरिहर पुन्हा येणार नाही. झाकली मूठ. ही मूठ मात्र आता माझ्याच छातीवर बसते आहे.

२१ जानेवारी

उद्या.

२२ जानेवारी

पोचलो.

टेकडीचा उतार, तोच दगड. खाली माळ, एक गुराखी, दोन म्हशी. ह्यांनी खिशातून कागद काढून वाचला — एकसष्ट. मग टोपी काढली. आम्ही काही आणलं नव्हतं. फूल नाही, पाणी नाही. मला वाटलं होतं हे काही तरी नियम करतील, तर म्हणाले, "तू सांग काय करायचं."

मी म्हटलं, बसा.

सगळं सांगितलं. कागद मला आधी दाखवला ते. रविवार मी ठरवला ते. बिरडं. मोठ्याने नको म्हटलं ते कशासाठी. एका दमात. सांगताना आवाज चढत गेला, माझाच मला ओळखू येईना. मधूचं नाव घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं. मग रडू आलं. गोदा सांगत होती तसं, गावभर ऐकू जाईल असं. गुराखी उभा राहून बघायला लागला. मी दगडावर हात आपटले, माझ्या पोराला मी घालवलं म्हणून ओरडले. बांगड्या फुटल्या दोन.

ह्यांनी माझे हात धरले. दगडापासून दूर धरून ठेवले.  ऊन चढलं तसे उठलो.  घरी आल्यावर मनगटाला हळद लावून दिली, आणि कचेरीत गेले.

संध्याकाळ झाली. आले. जेवले. अजून काही बोलले नाहीत. मारलं असतं तरी चाललं असतं.

२३ जानेवारी

सकाळी चहा घेताना बोलले.

"वाल तू शुक्रवारी भिजत घातलेस. कशासाठी, ते मला तेव्हाच कळलं. सही रविवारी केली. दोन दिवस होते माझ्याकडे."